व्हॉल्व्हच्या गिटार ॲम्पचा टोन नेमका घडतो कुठे?

रेडिओतून व्हॉल्व्ह गेले, टीव्हीतून गेले, संगणकातून तर केव्हाच गेले. १९४७ मध्ये बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत काचेच्या या तापणाऱ्या नळ्यांचं घरोघरचं काम जवळजवळ संपलं. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र त्या अजून ठाण मांडून आहेत. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा या नळ्यांची, म्हणजे ट्यूबची, टंचाई होणार या धास्तीने गिटारवाल्यांची धावपळ उडाली. नव्या ट्यूब मोठ्या प्रमाणावर बनवणारे कारखाने आता मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियातच उरले आहेत.

हाताने बनवलेला ट्यूब ॲम्प पाहिला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात ट्यूब कोणत्या आहेत? मी हौसेने असे काही ॲम्प बांधले आहेत आणि हा प्रश्न मलाही एकेकाळी सगळ्यात महत्त्वाचा वाटायचा. आज मी तो बराच मागे ठेवतो. त्याच ट्यूब घातलेले दोन ॲम्प एकमेकांपेक्षा अगदी वेगळे वाजू शकतात. मग फरक येतो कुठून, हे मुळापासून पाहू.

## ट्यूब काम काय करते

ट्यूब आणि व्हॉल्व्ह ही एकाच वस्तूची दोन नावं. व्हॉल्व्ह म्हणजे झडप, आणि हे नाव जास्त बोलकं आहे. हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत मधोमध कॅथोड नावाची एक बारीक दांडी असते. ती तापवली की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या बाजूला प्लेट असते. तिच्यावर शेकडो व्होल्टचा धन दाब असतो, म्हणून इलेक्ट्रॉन तिच्याकडे धावतात. दोन्हींच्या मध्ये तारेची जाळी, म्हणजे ग्रिड. ग्रिडवरचा दाब जरासा बदलला की इलेक्ट्रॉनचा लोंढा कमी-जास्त होतो.

पाण्याचा नळ डोळ्यांसमोर आणा. चावी फिरवायला दोन बोटं पुरतात, पण पाण्याचा जोर त्या बोटांचा नसतो, तो वरच्या टाकीचा असतो. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारेच्या कंपनाचं विजेत रूपांतर करणाऱ्या भागातून, येणारा सिग्नल व्होल्टचा काही अंश असतो. तो ग्रिडवर पोचतो आणि प्लेटवरच्या मोठ्या लोंढ्याला स्वतःचा आकार देतो. स्पीकरमधून ऐकू येते ती भिंतीतल्या प्लगमधून आलेली वीज. गिटार तिला फक्त घडवते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण वीजपुरवठ्याचा भागसुद्धा टोनमध्ये ढवळाढवळ का करतो, ते यावरूनच कळतं.

बहुतेक ॲम्पमध्ये पहिल्या टप्प्याला १२एएक्स७ नावाची छोटी ट्यूब असते. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. तिच्या एका काचेत अशा दोन झडपा असतात. असे दोन-तीन टप्पे झाले की सिग्नल मोठ्या ट्यूबकडे जातो. त्या ट्रान्सफॉर्मरमार्फत स्पीकर हलवतात.

## विकृती हा दोष नाही का?

संगीत शिकताना नादाचे तीन गुण सांगतात: तारता, तीव्रता आणि जाती. बासरी आणि सतार एकाच पट्टीत, तितक्याच जोराने वाजल्या तरी वेगळ्या ओळखू येतात, त्या जातीमुळे. टोन म्हणजे ही जातीच. ती ठरते मूळ स्वराबरोबर वाजणाऱ्या वरच्या स्वरांच्या मिश्रणावरून. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेच्या या स्वरांना हार्मोनिक म्हणतात. दुसरं हार्मोनिक म्हणजे वरचा षड्ज, तिसरं म्हणजे त्याच्याही वरचा पंचम.

नळ पूर्ण उघडल्यावर चावी आणखी फिरवून पाणी वाढत नाही. ट्यूबचंही तसंच. तिच्या आवाक्यापलीकडचा सिग्नल आला की लाटेचा माथा चेपला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. चेपलेल्या लाटेत मुळात नव्हती अशी हार्मोनिक तयार होतात. रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर बनवणाऱ्यांच्या दृष्टीने ही विकृतीच होती. त्यांचं काम गायकाचा आवाज जसाच्या तसा पोचवण्याचं होतं. इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट वेगळी आहे. तिची तार नुसती वाजवून पाहा, आवाज किरटा आणि निर्जीव येतो. तिचा ॲम्प हा वाद्याचाच उरलेला अर्धा भाग आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तारेत दडलेले स्वर बोलू लागतात. कोणीही त्याला तारेचा बिघाड म्हणत नाही.

ट्यूब फक्त सम हार्मोनिक देतात म्हणून गोड वाटतात, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. एकटी ट्रायोड, म्हणजे वर सांगितलेली कॅथोड, ग्रिड आणि प्लेटची साधी ट्यूब, लाटेच्या एका बाजूला दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त चेपते, म्हणून तिच्यात दुसरं हार्मोनिक ठळक असतं. पण मोठ्या ॲम्पच्या शेवटी दोन ट्यूब एकमेकींच्या उलट दिशेने, करवतीवरच्या दोन माणसांसारख्या काम करतात. याला पुश-पुल म्हणतात. या रचनेत शेवटच्या टप्प्यात तयार होणारी सम हार्मोनिक बरीचशी एकमेकांना खोडून टाकतात आणि विषम हार्मोनिक वरचढ होतात. रॉक संगीतातला गाजलेला आवाज बहुतांशी असल्या पुश-पुल ॲम्पचाच. तेव्हा जादू समात आहे, हे सोडून द्या. चेपणं हळूहळू सुरू होतं की एकदम, आणि किती टप्प्यांत विभागलं जातं, हे जास्त मोलाचं.

क्लिपिंगचा आणखी एक परिणाम असतो आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. दोन स्वर एकत्र चेपले गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही तयार होतात. षड्ज आणि पंचम यांचं प्रमाण २:३. त्यांची वजाबाकी येते १, म्हणजे बरोबर खालचा षड्ज. म्हणूनच भरपूर विकृतीत षड्ज-पंचमाची जोडी भरदार, अंगावर येणारी वाटते. त्यात गंधार मिसळला की वजाबाकीचे स्वर इकडेतिकडे पडतात आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, गढूळ होते. वादक चुकलेला नसतो, हे गणित आहे.

## चेपण्याआधी काय गाळलं?

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: सिग्नलमधला कोणता भाग क्लिपिंगच्या आधी काढला आणि कोणता नंतर, यावर ॲम्पचं व्यक्तिमत्त्व सर्वांत जास्त ठरतं.

कल्पना करा, चित्राची फोटोप्रत काढायची आहे. डाग आधी पुसला तर प्रत स्वच्छ येते. प्रत काढल्यावर डाग खोडायला गेलात तर आजूबाजूच्या रेषाही जातात, कारण तोवर डाग आणि रेषा एकाच काळ्या शाईत मिसळलेले असतात. खर्जाचं तसंच आहे. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते आणि तिची लाट सर्वांत मोठी असते. ती पूर्ण ताकदीने क्लिपिंगमध्ये शिरली तर बारीक स्वर तिच्या पाठीवर बसूनच चेपले जातात. आवाज फुगतो, फाटतो, स्वर सुटे ऐकू येत नाहीत. नंतर बेसचा नॉब कमी केल्याने फुगीरपणा कमी होतो, गढूळपणा राहतो.

हे गाळण्याचं काम करतो कॅपॅसिटर. तो जलद बदलणारा सिग्नल सहज जाऊ देतो आणि संथ बदलणारा अडवतो. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना वाटेत बहुधा एक कॅपॅसिटर असतो. त्याच्यापुढे २ लाख २० हजार ओहमचा विरोध असेल, तर ०.०२२ मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर साधारण ३३ हर्ट्झच्या वरचं सगळं सोडतो, म्हणजे अख्खी गिटार. त्याच जागी ०.००२२ लावला तर सुमारे ३३० हर्ट्झच्या खालचं घटत जातं. दिसायला दोन्ही सारखेच, पण पहिल्याने जाडजूड आवाज मिळतो आणि दुसऱ्याने भरपूर गेन, म्हणजे वाढ, देऊनही स्वर सुटे राहतात.

कॅथोडपाशी असाच आणखी एक कॅपॅसिटर असतो. १२एएक्स७ च्या नेहमीच्या जोडणीत तो काढून टाकला तर त्या टप्प्याची वाढ साधारण निम्मी होते. मोठा, २५ मायक्रोफॅरॅडचा लावला तर सगळ्या स्वरांना पूर्ण वाढ मिळते. ०.६८ मायक्रोफॅरॅडचा लावला तर वरच्या स्वरांना पूर्ण आणि खर्जाला कमी. एका सुट्या भागात एवढा फरक असतो! हाताने बांधणारा माणूस तासन्‌तास इथेच रमतो, आणि मला त्यात काहीही नवल वाटत नाही.

टोनच्या नॉबबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. बेस, मिडल, ट्रेबल हे तिन्ही मधोमध ठेवले म्हणजे आवाज 'जसाच्या तसा' झाला, असं बहुतेकांना वाटतं. नेहमीच्या ट्यूब ॲम्पमध्ये हे तीन नॉब काहीच वाढवत नाहीत, फक्त कमी करतात. ते मधोमध असताना मधल्या स्वरांत चांगलाच खड्डा असतो. तो खड्डा कुठे आणि किती खोल असावा, हे बांधणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

## एकच नकाशा, दोन घराणी

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा बासमन हा ॲम्प होता. त्याचा ५एफ६-ए हा सर्किटचा नकाशा आजही अभ्यासला जातो. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या हातून जेटीएम४५ तयार झाला, तो जवळजवळ याच नकाशावरून. तरी दोघांची घराणी निराळी झाली.

फरक मोजकेच होते. बासमनमध्ये पहिली ट्यूब १२एवाय७ होती. तिची वाढवण्याची क्षमता ईसीसी८३ च्या निम्म्याहून कमी. मार्शलनी पहिल्याच जागी ईसीसी८३ घातली, त्यामुळे पुढचे टप्पे लवकर चेपू लागले. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळणारे होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट: बासमनमध्ये दहा इंची चार स्पीकर मागून उघड्या पेटीत होते, तर मार्शलनी सेलेस्चन कंपनीचे बारा इंची चार स्पीकर बंद पेटीत बसवले. नकाशा तोच, टोन दुसरा. ट्यूबचं नाव विचारून थांबणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

## शेवटचा टप्पा आणि चूक सुधारणारा दोरा

६व्ही६, ६एल६, ईएल३४, ईएल८४ ही शेवटच्या टप्प्यातल्या ट्यूबची नेहमीची नावं. प्रत्येकीची ताकद वेगळी, चेपण्याची रीत थोडी वेगळी. पण त्या एकट्या कधीच बोलत नाहीत. ट्यूबला समोर हजारो ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ८ किंवा १६ ओहमचा. मध्ये दुभाषी म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसतो. त्यातलं लोखंड किती, तारेचे थर एकमेकांत कसे गुंफले, यावर खर्ज किती भक्कम राहील आणि वरचे स्वर किती दूर जातील हे ठरतं. ॲम्पमधल्या सर्वांत जड वस्तूंपैकी ही एक, आणि काटकसर करायची सर्वांत वाईट जागा.

दुसरी कळीची गोष्ट म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक. ही कल्पना बेल लॅब्सच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांची, १९२७ सालची. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून मागे आणायचा, म्हणजे आत जाणाऱ्याशी त्याची तुलना होते आणि चूक आपोआप कमी होते. रस्त्यावरून सरळ चालताना आपण डोळ्यांनी सतत दिशा सुधारतो, तसंच. फीडबॅक जास्त असेल तर ॲम्प बराच वेळ स्वच्छ राहतो आणि मग एकदम फाटतो. कमी असेल तर विकृती हलकेच, बोटांच्या जोराप्रमाणे येते. व्हॉक्स कंपनीच्या एसी३० या ॲम्पमध्ये असा फीडबॅक नाही, आणि त्याच्या उघड्या, खणखणीत आवाजाला हे एक मोठं कारण आहे.

## दबणारा वीजपुरवठा

वरच्या मजल्यावर अंघोळ करताना खाली कोणी मोठा नळ सोडला की धार बारीक होते, आणि नळ बंद झाला की परत जोर येतो. जुन्या घडणीच्या ॲम्पमध्ये हेच घडतं. भिंतीतली उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करायला त्यात रेक्टिफायर ट्यूब असते. ५वाय३ सारख्या ट्यूबचा स्वतःचा विरोध बराच असतो. वादकाने जोरात झणकार मारला की मोठ्या ट्यूब एकदम जास्त वीज मागतात, दाब क्षणभर खाली येतो आणि आवाज आक्रसतो. मग तार विरत जाताना दाब सावरतो, आणि स्वर फुलत गेल्यासारखा वाटतो. याला सॅग म्हणतात. जीझेड३४ मध्ये तो कमी असतो, सिलिकॉन डायोड लावले तर आणखी कमी.

रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला हा फरक कळेलच असं नाही. वाजवणाऱ्याच्या बोटांना मात्र लगेच कळतो. जलद, नेमकी लय धरायची असेल तर सॅग नकोसा होतो. संथ, मींडेचं वादन असेल तर तो सोडवत नाही.

## स्पीकर: सर्वांत मोठा, सर्वांत दुर्लक्षित

एका ॲम्पचा वरचा करकरीतपणा घालवायला मी महिनाभर ट्यूब बदलत बसलो होतो. प्रत्येक वेळी 'हो, थोडा फरक पडला' असं स्वतःला समजावत होतो. शेवटी दुसऱ्या पेटीला वायर जोडली आणि पहिल्याच कॉर्डला प्रश्न सुटला.

गिटारचा स्पीकर सुमारे ५ हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने गप्प होतो. गाणी ऐकण्याच्या स्पीकरमध्ये हा दोष ठरला असता. इथे मात्र क्लिपिंगमधून आलेली वरची टोकदार हार्मोनिक गाळली जातात ती यामुळेच. तोच सिग्नल मोठा पट्टा वाजवणाऱ्या स्पीकरवर ऐकला तर डबीत अडकलेल्या माशीसारखा येतो. शिवाय प्रत्येक स्पीकरचे स्वतःचे उंचवटे आणि खड्डे असतात. मागून उघडी पेटी आवाज खोलीभर पसरवते, बंद पेटी खर्ज आवळून समोर फेकते.

आवाजाची पातळीही स्पीकरवर अवलंबून असते. १ वॉटला ९७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी १०० डेसिबलचा लावला, तर ॲम्पचे वॉट दुप्पट केल्यासारखा परिणाम मिळतो.

## मग हाताने बांधण्याने काय बदलतं?

इथे मी काही मित्रांना नाराज करणार आहे. हाताने लावलेल्या सोल्डरच्या डागामुळे टोन 'उबदार' होतो, असं मला वाटत नाही. तेच भाग, तीच मूल्यं आणि तितकीच काळजीपूर्वक मांडणी असेल, तर छापील सर्किट बोर्डही उत्तम वाजतो. कॅपॅसिटरच्या ब्रँडचं तसंच. मूल्य बदललं की फरक ठळक ऐकू येतो. मूल्य तेच ठेवून नाव बदललं की फरक इतका बारीक होतो की डोळे झाकून ओळखणं फार कठीण.

जुन्या ॲम्पच्या दंतकथांमागेही बऱ्याचदा हेच असतं. त्या काळचे रेझिस्टर छापील आकड्यापेक्षा १० किंवा २० टक्के इकडेतिकडे चालायचे. एकाच आठवड्यात बनलेले दोन ॲम्प वेगळे वाजायचे, आणि त्यातला एखादा अप्रतिम निघायचा.

हातकामाचं खरं महत्त्व मांडणीत आहे. ट्यूब तापवणाऱ्या तारांमधून उलटसुलट वीज वाहते. त्या एकमेकींभोवती पिळून, सिग्नलच्या तारांपासून दूर नेल्या नाहीत तर स्पीकरमध्ये ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण येते. ग्रिडकडे जाणारी तार आउटपुटच्या तारेशेजारून गेली तर ॲम्प शिट्टी मारतो, किंवा कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच थरथरत राहतो आणि टोन विनाकारण कोरडा, चिडका होतो. अर्थिंग कुठे आणि कोणत्या क्रमाने जोडलं, यानेही तेवढाच फरक पडतो. अनुभवी माणसाच्या ॲम्पचं झाकण उघडलं की तारांची शिस्त पाहूनच कळतं. आणि टॅगबोर्डवरचा, म्हणजे सुटे भाग जोडायच्या पट्टीवरचा, एखादा कॅपॅसिटर काढून दुसरा लावायला दोन मिनिटं लागतात, म्हणून वादकाला समोर बसवून, ऐकून, मूल्यं ठरवता येतात. मला हाताने बांधलेला ॲम्प आवडतो तो यासाठी.

## घरी तसा का वाजत नाही?

दोन कारणं आहेत. मोठ्या ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर खरे कामाला लागतात ते आवाज बराच वाढवल्यावर. कमी आवाजात फक्त सुरुवातीच्या छोट्या ट्यूब चेपत असतात, आणि तो टोन वेगळाच. दुसरं कारण आपला कान. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्याला खर्ज आणि अगदी वरचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात. रंगमंचावर ठरवलेले नॉब खोलीत पातळ वाटतात आणि खोलीत ठरवलेले रंगमंचावर घुमतात.

यावर 'मग मोठाच ॲम्प घेऊ' हा उपाय नाही. ५० वॉटचा ॲम्प ५ वॉटच्या ॲम्पपेक्षा दहापट मोठा वाजत नाही. फरक १० डेसिबलचा, म्हणजे कानाला साधारण दुप्पट. घरासाठी ५ वॉटसुद्धा भरपूर होतात, आणि मोठ्या ट्यूब चेपेपर्यंत त्याला वाढवता तरी येतं.

टोन बदलायचा असेल तर मी या क्रमाने जाईन: आधी ॲम्पची खोलीतली जागा, कारण कोपऱ्यात ठेवलेला ॲम्प खर्ज वाढवतो. मग गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब, मग स्पीकर. त्यानंतर पहिल्या टप्प्यातली ट्यूब आणि अगदी शेवटी आतले कॅपॅसिटर. आतल्या कामाला मात्र शिकलेल्या माणसाशिवाय हात लावू नका. प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्याच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट साठून राहू शकतात, आणि जीव घ्यायला तेवढे पुरतात. आधी ते रेझिस्टरमधून रिकामे करायचे, मग मीटर लावून शून्य पाहायचं, आणि मगच बोट आत घालायचं.